मापटेबाईंचे एक्केचाळीस लिटर

"मशीनला काहीही झालेलं नाही," इंजिनिअर म्हणाला आणि फडक्यानं हात पुसायला लागला.

साडेतीन महिने ज्या मशीनच्या नावानं सगळ्यांनी बोटं मोडली, ज्याच्यापायी कंपनीला नऊ पत्रं धाडली, त्याला म्हणे काही झालेलं नाही. आणि हे सांगतोय कोण, तर पहाटेची गाडी पकडून आलेला, दोन तास खाटखूट केलेला हा बाबा.

"असं कसं होईल?" सर म्हणाले. सर म्हणजे विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेचे प्रमुख. बावीस वर्षं त्यांनी माणसांना सायकलवर नि ट्रेडमिलवर दमवून त्यांच्या दमाची मापं घेतली होती, त्यामुळे दमाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवावं हे त्यांना खपत नसे. "मिनिटाला दहा लिटर जास्त दाखवतंय ते. आज नऊ वाजता तुमच्यासमोरच दाखवलं की. सांगा हो, मापटेबाई."

मापटेबाईंनी नुसती मान हलवली. त्या स्टुलावर बसून पाणी पीत होत्या.

मापटेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्या इथल्या तंत्रज्ञ. सायकल, मशीन, नळ्या, मास्क हे सगळं त्यांच्या ताब्यात. नाव पडलं ते मापट्यावरून, धान्य मोजायच्या. त्याचं असं आहे, की असल्या प्रयोगशाळांत एक रीत असते. श्वास मोजणारं मशीन रोज सकाळी तपासतात, ते तीन लिटर हवा मावेल एवढ्या मोठ्या सिरिंजनं. पण सिरिंज ती सिरिंज. जिवंत माणूस धापा टाकतो तेव्हाही मशीन खरं बोलतं का, हे बघायला जिवंत माणूसच लागतो. म्हणून आपल्यातलंच एक धडधाकट माणूस ठरवून टाकतात आणि दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच सायकलवर, तेवढ्याच जोरानं त्याला दहा मिनिटं पाय मारायला लावतात. आकडा तोच आला तर मशीन ठीक. आकडा हलला तर मशीन बिघडलं.

इथलं ते माणूस म्हणजे मापटेबाई. बारा वर्षं, दर सोमवारी, नऊ वाजता, शंभर वॉटवर. मिनिटाला एक्केचाळीस लिटर हवा. सर्दी होऊन गेली, एक्केचाळीस. मुलगी शिकायला परगावी गेली आणि बाई आठवडाभर रडल्या, त्या सोमवारीही एक्केचाळीस. एकदाच अडतीस आला होता. तेव्हा मशीन उघडलं तर आतल्या नळीला केसाएवढी चीर. सिरिंजला कळली नव्हती ती बाईंच्या श्वासाला कळली. त्या दिवसापासून बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईही काही कमी नव्हत्या. नवा कुणी आला की सांगायच्या, "या खोलीत खरं बोलणारं एकच यंत्र आहे, आणि ते चार वाजता चहा पितं."

आणि मग साडेतीन महिन्यांपूर्वी हाच आकडा त्रेचाळीस झाला. पुढच्या सोमवारी चव्वेचाळीस. मग सेहेचाळीस. मग एकोणपन्नास. आणि आज सकाळी एक्कावन्न.

सिरिंज सांगत होती, मशीन बरोबर आहे. बाईंचा आकडा सांगत होता, चूक. आता या शिकल्यासवरल्या माणसांनी काय करावं? सिरिंज दुरुस्तीला पाठवली. हो, सिरिंज. तिचा वॉशर गळत असणार, असं सर्वानुमते ठरलं. ती नव्या वॉशरसकट परत आली आणि पुन्हा तेच सांगायला लागली, तेव्हा तिला कपाटात टाकून दिलं. बाईंच्या नाडीचे ठोकेही एकशे अठराचे एकशे चौतीस झाले होते. त्याला काय, ठोके कशानंही वाढतात. झोप कमी झाली, चहा जास्त झाला, बसमागे धावलं की वाढतात. ते कुणी मनावर घेतलं नाही. सगळ्यांत कमी मनावर घेतलं ते खुद्द बाईंनी.

पण मशीन बिघडलं म्हणून संशोधन थोडंच थांबतं? सरांचा जिन्यांचा प्रकल्प तोंडावर आला होता. पंचेचाळिशी ओलांडलेल्या चाळीस बायका. त्यांनी आठवड्यातून पाच दिवस, आपापल्या कामाच्या ठिकाणी, ठेक्यावर झपझप जिने चढायचे, बारा आठवडे. त्यानं त्यांचा दम किती वाढतो ते बघायचं. त्याआधी प्रत्येकीची सायकलवर तपासणी. ठरलेल्या जोराला जिला शेहेचाळीस लिटरपेक्षा जास्त हवा लागेल तिला जिने नाहीत, तिला डॉक्टरकडे पाठवायचं, असा नियम. आता मशीनच जास्त दाखवतंय म्हटल्यावर सरांनी तोड काढली. बाईंचा खरा आकडा एक्केचाळीस, मशीन दाखवतं एकोणपन्नास, म्हणजे मशीन जे दाखवेल त्याला पॉइंट चौऱ्याऐंशीनं गुणायचं. कंपनीचा माणूस येईपर्यंत एवढंच आपल्या हातात आहे, असं म्हणून त्यांनी बाईंना शीटमध्ये एक रकाना वाढवायला सांगितला. बाईंनी तो वाढवला. चाळीस ओळी, चाळीस गुणाकार. त्यातली सतरावी ओळ बाईंच्या थोरल्या बहिणीची होती.

बायका कमी पडत होत्या म्हणून बाईंनीच तिला गळ घातली होती. थोरली बावन्नची, विमा कचेरीत बसून काम करणारी, आणि असली काही टूम म्हटलं की एका पायावर तयार. तिच्या कचेरीची इमारत बारा मजल्यांची. गेले चार आठवडे ती रोज सकाळी अकराला, चहाच्या सुट्टीत, मोबाइलवर ठेका लावून जिने चढत होती.

"तुमच्याकडं या बाई आहेत ना," इंजिनिअर पिशवी बाजूला ठेवत म्हणाला, "तसा आमच्या कंपनीत मी आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर मी स्वतः पाय मारतो. शंभर वॉटला माझे अडतीस लिटर. गेल्या आठवड्यात तीन ठिकाणी जाऊन आलो, तिन्हीकडं अडतीस. आता बघा."

त्यानं बूट बदलले, मास्क लावला आणि सायकलवर बसला. मापटेबाई सवयीनं उठून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. चौथ्या मिनिटाला आकडा स्थिरावला. अडतीस पॉइंट दोन. आठव्या मिनिटाला सदतीस पॉइंट नऊ. दहाव्याला अडतीस.

"उतरा," सर म्हणाले. "मी बसतो."

सरांचे जुने आकडे होते, सात वर्षांपूर्वीचे, फाइलमध्ये. चव्वेचाळीस. सर सायकलवर बसले, वयानं नि पोटानं थोडे कुरकुरले, आणि दहाव्या मिनिटाला पडद्यावर पंचेचाळीस उमटले. त्यांनी मास्क काढला. मास्कच्या रबराचा लाल वळ त्यांच्या नाकावर तसाच होता आणि ते मापटेबाईंकडे बघत होते. इंजिनिअरही बघत होता.

"सर, रागावू नका," इंजिनिअर हळूच म्हणाला. "तुम्ही जे यंत्र दुरुस्तीला पाठवायला हवं होतं ते हे नाही."

बाईंना ते ऐकू आलं आणि ऐकू आलंही नाही. डोकं सुन्न झालं की माणूस भलतीकडेच बघत बसतो. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. दहा वाजून पस्तीस. घरचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर आपण रोज थांबतो आणि पर्समध्ये किल्ली शोधल्याचं नाटक करतो, हे त्यांना आठवलं. किल्ली तर हातातच असते. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यांवर खोल वळ दिसतात, मोज्यांचं इलास्टिक घट्ट झालं म्हणून त्यांनी मोजे बदलले होते. एका उशीच्या दोन केल्या होत्या. मान दुखते म्हणून. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण होतं, आणि प्रत्येक वेळी ते कारण दुसऱ्याच कशाचं तरी होतं. जन्मभर दुसऱ्यांचा दम मोजला आणि स्वतःचा दम नळीवर, वॉशरवर, मोज्यांवर ढकलला. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

आणि मग जे आठवलं ते स्वतःचं नव्हतं.

"सर, ते पॉइंट चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या.

सरांना कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मशीन बरोबर होतं, म्हणजे तो गुणाकार चूक होता. चाळीसही बायकांचा.

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. दोनदा भलताच रकाना उघडला. तिसऱ्यांदा बरोबर रकाना निवडला आणि पुसून टाकला. सगळे आकडे जसे मशीननं दाखवले होते तसे परत आले. सर खांद्यावरून वाकून बघत होते आणि बोट पडद्यावर टेकवून एकेक ओळ खाली सरकत होते. एकोणचाळीस. सदतीस. बेचाळीस. चाळीस. सगळ्या शेहेचाळिसाच्या आत. सरांचा श्वास थोडा मोकळा झाला. मग बोट सतराव्या ओळीवर आलं आणि तिथंच राहिलं.

बावन्न.

सरांनी खालच्या तेवीस ओळीही भराभर बघितल्या, शेहेचाळिसाच्या वर एकही नव्हती. "ही सतरावी कोण?" त्यांनी विचारलं. शीटमध्ये नावं नसतात, नुसते क्रमांक असतात.

"माझी बहीण आहे," बाई म्हणाल्या.

त्या दिवशीचं सगळं त्यांना लख्ख आठवलं. थोरली सायकलवर बसली होती, मास्कमधूनही बडबड करत होती. पडद्यावर बावन्न आलं होतं. बाईंनी ते बघितलं होतं, आणि मनात म्हणाल्या होत्या, बघा, या मशीननं माझ्या बहिणीलाही सोडलं नाही. मग गुणाकार केला, त्रेचाळीस पॉइंट सात आले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिलं: प्रकृती उत्तम, जिने चढण्यास पात्र. थोरलीनं तो कागद घरी फ्रिजवर लावला होता.

सर बाहेर गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. तपासणीच्या दिवशी हृदयाचे एक वयस्कर डॉक्टर शेजारच्या खोलीत बसत, आजही होते. कुणाला चक्कर आली, छातीत दुखलं तर हाताशी असावेत म्हणून. बारा वर्षांत बाईंनी त्यांना शेकडो माणसं दाखवली होती, स्वतःला कधी दाखवलं नव्हतं. दाखवायचं कशाला, त्या तर माप होत्या.

डॉक्टरांनी चौदा सोमवारांचे आकडे वाचले. कागद ठेवला, बाईंच्या मानेवरची शीर बघितली, घोट्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. ते बराच वेळ पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते.

"फुप्फुसांत रक्त नेणाऱ्या नळ्यांमधला दाब वाढला की असं होतं," ते म्हणाले. "तेच आहे असं मी तपासण्या केल्याशिवाय म्हणणार नाही. पण आजच्या आज तुम्ही हृदयाच्या विभागात भरती व्हायचं. घरात कुणाला असं होतं का? दम लागायचा, पाय सुजायचे?"

"आईला दमा होता," बाई म्हणाल्या. "त्यातच गेली. चोपन्नाव्या वर्षी."

"दमा होता हे कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं होतं? शेजारपाजारचे म्हणायचे. आई स्वतः म्हणायची. कुणी कधी मापून बघितलंच नव्हतं.

"हे घराण्यात उतरतं का हो?" त्यांनी विचारलं.

"काही वेळा उतरतं."

"आणि ज्यांना असतं ते जिने चढले तर?"

डॉक्टर आधी सरांकडे बघत राहिले, मग शीटवरच्या बावन्नाकडे. त्यांच्या सगळं ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम उठले. "झपाझप चढले तर चक्कर येऊन पडतात," ते म्हणाले. "त्यातले काही परत उठत नाहीत. कुठं आहे ती?"

घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. आणि आज सोमवार, पाचव्या आठवड्याचा पहिला दिवस. आजपासून नऊ मजल्यांचे बारा होणार होते. ते वेळापत्रकही बाईंनीच छापून दिलं होतं.

त्यांनी फोन लावला. पहिल्यांदा पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तसाच. तोवर सरांनी कपाटातून गाडीची किल्ली काढली. तिसऱ्यांदा फोन वाजला, वाजत राहिला, आणि उचलला गेला.

"काय गं," थोरली म्हणाली. मागं मोबाइलचा ठेका टकटक वाजत होता. "आत्ता... कशाला... फोन? नवव्यावर आहे मी. तीनच... राहिले."

बाईंना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्या मोजायला लागल्या. आपोआप. शब्दांच्या मधले श्वास. दोन शब्दांना एक श्वास. मग एका शब्दाला एक. हा हिशेब त्यांनी हजार वेळा केला होता, आणि असा आकडा आला की त्या हात वर करून सायकल थांबवत.

"ताई, खाली बस," त्या म्हणाल्या. "आहेस तिथं पायरीवर बस."

"अगं, तीनच..."

"बस म्हणते ना मी. ऐक माझं. एक पायरीसुद्धा वर नको, खाली नको. भिंतीला टेकून बस."

पलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज आला. ठेका बंद झाला. थोरली बसली असावी.

"बसले. झालं काय एवढं? तुमचं ते मशीन पुन्हा बिघडलं का?"

"मशीन बरोबर होतं, ताई. पहिल्यापासून बरोबर होतं. तुझा कागद चुकलाय. मी चुकवलाय."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आखूड, वरच्यावर. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"गेल्या आठवड्यात दोनदा डोळ्यांपुढं अंधारी आली मला. एकदा तर कठडा धरून बसलेच. कुणाला बोलले नाही. म्हटलं, धाकटीनं तपासून दिलंय, म्हणजे काही नसणार."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. फोन कानाला तसाच धरून त्या दाराकडे धावल्या, सर गाडीकडे निघाले होते त्यांच्या मागं. दारापर्यंत चार पावलं. डॉक्टरांनी मधेच त्यांचा दंड धरला.

"तुम्ही नाही," ते म्हणाले. "मी जातो सरांबरोबर. वाटेतून रुग्णवाहिकेला सांगतो. तुम्ही इथंच बसायचं. तुम्हालाही एक पाऊल धावायचं नाही. समजलं?" आणि इंजिनिअरला म्हणाले, "यांना उठू देऊ नका."

दोघं गेले. इंजिनिअरनं स्टूल पुढं केलं आणि बाई बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बहिणीकडे धावत जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. त्यांनी एक हात स्टुलाच्या कडेला घट्ट धरला.

"ताई, ऐकतेस ना? माणसं निघालीत. दहा मिनिटांत येतील. तू बोलू नकोस. नुसता श्वास घे. नाकानं आत, तोंडानं हळूहळू बाहेर. मी मोजते."

त्या मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. पलीकडचा श्वास हळूहळू लांब होत गेला, बाईंच्या आकड्यांना धरून. बारापर्यंत आल्या आणि तेरा म्हणताना आकडा मधेच तुटला. पुन्हा तेरा म्हणून बघितला, पुन्हा तुटला.

"धाकटे," थोरली म्हणाली. आता तिचं वाक्य अख्खं येत होतं. "मी तर जिना चढले. तू कशानं एवढी धापतेयस?"